पोराला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागलाय, पहिलं सामान काय घ्यायचं?

सगळ्यात आधी, ते सदतीस सेन्सरवालं मोठं किट घेऊ नका. डबा मस्त दिसतो, पोरगं किंवा पोरगी दोन दिवस खूश, मग त्यातलं निम्मं कशासाठी असतं तेच कळत नाही आणि डबा माळ्यावर जातो. त्यापेक्षा एक सर्किट ठरवा आणि तेवढंच सामान आणा, फक्त जे जळतं-तुटतं ते जास्तीचं आणा. माझं मत विचाराल तर पहिलं सर्किट ५५५ (टिक-टिक देणारी आयसी, म्हणजे चिप) आणि ४०१७ (त्या टिक मोजणारी आयसी) यांचं, दहा एलईडी एकामागून एक पळतात ते. गणपतीच्या आराशीत लावता येतं म्हणून पोरं ते अर्ध्यात सोडत नाहीत, आणि क्लॉक, काउंटर, रीसेट या डिजिटलमधल्या मूळ गोष्टी त्यात सगळ्या येतात.

चिठ्ठीवर लिहून न्या: एनई५५५ तीन, सीडी४०१७ दोन, हाय ब्राइट एलईडी वीस, पाव वॅटचे रेझिस्टर ३३० ओहम, १ के (के म्हणजे हजार ओहम), १० के, ४७ के आणि १०० के प्रत्येकी दहा, १ आणि १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर चार-चार, आणि ज्यावर १०४ लिहिलेलं असतं ते छोटे सिरॅमिक कपॅसिटर दहा. हे १०४ वाले लोक हमखास विसरतात. ५५५ चं आउटपुट बदलताना सप्लायला झटका बसतो आणि शेजारचा ४०१७ मधेच एखादा आकडा उडी मारून जातो, मग पोरगं अख्खी वायरिंग तपासत बसतं. प्रत्येक आयसीच्या प्लस-मायनस पिनजवळ एक १०४ खोचला की बहुतेक वेळा हा ताप संपतो.

५५५ ला १० के, ४७ के आणि १० मायक्रो लावला तर सेकंदाला साधारण दीड वेळा टिक होते, १० च्या जागी १ मायक्रो लावा की दसपट जोरात पळतं. एलईडी दहा असले तरी एका वेळी एकच पेटतो, म्हणून सगळ्यांच्या मायनस पायांना मिळून एकच ३३० किंवा १ के चा रेझिस्टर पुरतो. ४०१७ ची १३ आणि १५ नंबरची पिन मायनसला जोडायची, ती मोकळी सोडायची नाही. मोकळ्या पिनची गंमत बघायचीच असेल तर ५५५ काढून ४०१७ च्या १४ नंबरला नुसती एक वायर लावा आणि तिच्याजवळ हात न्या, घरातल्या लाईटच्या ५० हर्ट्झचा गोंगाट पकडून एलईडी वेड्यासारखे पळायला लागतात. ४०१७ सारख्या सीमॉस जातीच्या आयसीची इनपुट पिन का मोकळी ठेवत नाहीत ते पोराला एकदाच कळतं आणि कायमचं कळतं.

ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पार्ट खोचून सर्किट जोडायची भोकांची पाटी) ८३० भोकांचा घ्या आणि इथे पैसे वाचवू नका. दुकानातच एक रेझिस्टर खोचून बघा, पाय सैल बसत असेल तर तो बोर्ड परत ठेवा. कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या काही बोर्डांत मधोमध तुटलेल्या असतात, म्हणजे अर्ध्या बोर्डाला सप्लायच जात नाही, घरी आणल्यावर मीटरने बीप वाजतो का ते चेक करायचं. मीटर साधा डिजिटल चालेल पण कंटिन्युइटीला (दोन टोकं आतून जोडलेली आहेत का ते बघायला) बीप पाहिजेच, दिसायला अगदी सारख्या मीटरमध्ये पण काहींना बझर नसतो. आणि १० अँपियरच्या भोकात लाल वायर ठेवून व्होल्टेज मोजायला जायचं नाही, बऱ्याच स्वस्त मीटरला तिथे फ्यूज नसतो. घरातल्या बोर्डाचे २३० व्होल्ट तर या वयात मोजायचेच नाहीत, त्यावर घासाघीस नको.

सप्लायसाठी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लोक आणतात, पण ती महाग पडते आणि लवकर उतरते. चार पेन्सिल सेलचा होल्डर घ्या, ६ व्होल्टवर हे सर्किट आरामात चालतं आणि काही चुकलं तर फार काही होत नाही. जुन्या मोबाईल चार्जरचे ५ व्होल्ट पण चालतात, केबल कापली की साधारणपणे लाल प्लस आणि काळी मायनस असते पण मीटरने बघितल्याशिवाय जोडायचं नाही. लॅपटॉपमधून काढलेले लिथियमचे सेल मात्र आत्ता नको, शॉर्ट झाले तर पेट घेतात.

हत्यारांत छोटा निपर (वायर कापायला), स्ट्रिपर (वायर सोलायला) आणि चिमटा बास. घरातल्या मोठ्या पकडीने एलईडीचे पाय वाकवायला गेलं तर पाय मुळातूनच तुटतात.

नाशकात एमजी रोडच्या बाजूला चक्कर मारा, सुटे पार्ट तिकडे बघा, आणि कोणी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला चाललंच असेल तर त्याच्या हातात लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारासाठी चिठ्ठी द्या. ऑनलाइन घ्यायचं तर सगळं एकदम मागवा, नाहीतर आयसीपेक्षा डिलिव्हरीच जास्त लागते. चार्जर, वायरचे तुकडे घरचे वापरले तर हे सगळं साधारण हजार-बाराशेत बसायला हरकत नाही.

सोल्डरिंग आयर्न पहिल्या दिवशी नको, ब्रेडबोर्डवर दोन-तीन सर्किट चालली की मग. २५ वॅटचं, सोबत स्टँड, आतच फ्लक्स (सोल्डर नीट चिकटवणारा पदार्थ) असलेली ६०/४० ची सोल्डरची तार, एक डिसोल्डर पंप (सोल्डर ओढून काढायला) आणि झिरो पीसीबी (नुसती भोकं असलेली सोल्डरिंगची पाटी). आयसी डायरेक्ट सोल्डर न करता बेस (आयसी खोचायचा सॉकेट) लावायचा, जळली की उपटून दुसरी बसवता येते. तारेत शिसं असतं, म्हणून खिडकी उघडी आणि काम झालं की साबणाने हात धुवायचे, चिवडा त्यानंतर. ओळखीत कोणी सातपूर-अंबडला कंपनीत मेंटेनन्सला असेल तर एक रविवार त्यांना चहाला बोलवा, डाग कसा द्यायचा, म्हणजे सोल्डर कसं करायचं ते व्हिडिओपेक्षा त्यांच्या हाताकडे बघून पटकन येतं.

अर्डुइनो, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम टाकायचा छोटा बोर्ड? घ्या की, पण ४०१७ पळवून झाल्यावर. अर्डुइनो उनो या मॉडेलच्या एका पिनमधून २० मिलीअँपियरच्या वर ओढायचं नाही, आणि तोपर्यंत एलईडीला रेझिस्टर लावायची सवय हाताला लागलेली असते. क्लोन बोर्ड चालतो, फक्त त्यावर सीएच३४० ही यूएसबीची चिप असेल तर कॉम्प्युटरमध्ये तिचा ड्रायव्हर टाकावा लागू शकतो, आणि केबल डेटावाली आहे ना (नुसती चार्जिंगची नको) ते घेतानाच विचारा.