विशेष (बौद्धिक दिव्यांग) व्यक्तीला पहिल्यांदा निवासी संस्थेत मुक्कामी ठेवण्यापूर्वी: तयारीची यादी

ही तयारी गरज पडण्याआधी करायची आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतं, बाबांना मध्यरात्री अ‍ॅडमिट करावं लागतं, आणि मग नातेवाईक फोन फिरवायला लागतात. जिथे जागा मिळेल तिथे मुलाला ठेवलं जातं. 'मूल' म्हणायची आपली सवय, पण वय पस्तिशीचं असतं आणि घराबाहेर ते एक रात्रही राहिलेलं नसतं. माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे, आणि तो आता अधूनमधून अशा अल्पकालीन निवासात राहतो. घरात सगळे धडधाकट असताना, कुठलीही घाई नसताना जागा शोधायला निघा. निवडायला सवड असेल तरच नाही म्हणता येतं.

कागदांचं आधी उरकून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार अशी संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. ते प्रमाणपत्र बघायला मागा आणि मुदत कधीपर्यंत आहे तेही वाचा. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, शंका असेल तर तिथे विचारता येतं. तुमच्या बाजूने यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र), आधार, निरामय योजनेचं कार्ड (वर्षाला एक लाखापर्यंतचं विमासंरक्षण मिळतं, अजून काढलं नसेल तर काढाच) आणि शेवटच्या तपासण्यांचे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा. व्यक्ती अठरा वर्षांची झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व घेता येतं. ते घेतलेलं असेल तर त्याची प्रत फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. तुमच्या गैरहजेरीत उपचारांबद्दल निर्णयाची वेळ आली तर कोणाला फोन करायचा, हे फाइलवर स्पष्ट लिहा.

आता प्रत्यक्ष भेट. सकाळी अकराला गेलात तर कार्यालय, फलक, भिंतीवरची चित्रं आणि चहा मिळेल. संध्याकाळी सहाला जा, शक्यतो रविवारी. शिक्षिका घरी गेलेल्या असतात, दिवसभराचे उपक्रम संपलेले असतात. त्या वेळेला तिथली माणसं काय करत बसलेली असतात ते पाहा. टीव्हीसमोर रांगेत बसवून ठेवलेली सगळी माणसं मला खटकतात, मग फरशी कितीही चकचकीत असो. नखं पाहा. सगळ्यांचे केस एकाच मशीनने एकसारखे कापलेत का ते पाहा. अंगातले कपडे ज्याचे त्याचे आहेत, की धुऊन आले की हाताला लागेल ते चढवलं जातं? टूथब्रशवर नावं आहेत का? संडासाच्या दाराला कडी आहे का, आणि मदत लागणाऱ्यांना आत नेल्यावर दार लोटून घेतलं जातं का? तिथल्या मावशी आणि दादा, म्हणजे सांभाळणारे कर्मचारी, तुमच्या माणसाशी थेट बोलतात, की त्याच्या डोक्यावरून तुम्हालाच विचारतात, 'हा जेवतो का नीट?' गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा आंघोळींचं काय करता, हेही विचारा. आपल्या पुण्यात हा प्रश्न कोणालाही विचित्र वाटणार नाही, आणि उत्तरावरून रोजच्या व्यवस्थेचा अंदाज येतो.

जेवणाच्या वेळेपर्यंत थांबा. भरवणारी व्यक्ती शेजारी बसून भरवते की उभ्याने, हे फार महत्त्वाचं आहे. गिळायला त्रास असलेल्या माणसाला घाईने किंवा मान मागे टाकून भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो, त्यातून न्यूमोनिया होतो. पोळी कुस्करून देतात का, वरण किती पातळ करतात, पाणी कधी देतात, हे नुसतं विचारू नका, बघा.

रात्रीचं वेगळं विचारा. 'रात्री स्टाफ असतो' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. जागं कोण असतं? एका माणसाकडे किती जण? फिट येणारी व्यक्ती कुठे झोपते, तिचा आवाज जागत्या माणसापर्यंत पोचतो का? कोणी खूप अस्वस्थ झालं, ओरडायला लागलं, तर काय करता? यावर 'गोळी देतो' असं उत्तर आलं तर कोणती, कोणाच्या सांगण्यावरून आणि घरी कळवता का, हे तिथेच विचारा. ज्या घरात माणसाला शांत करण्याचा पहिला उपाय गोळी हा आहे, तिथे मी माझ्या भावाला ठेवणार नाही.

मुलगी किंवा बहीण असेल तर आंघोळीला, कपडे बदलायला आणि रात्री बाईच असेल का, हे लेखी घ्या. पाळीच्या दिवसांत कोण आणि कशी मदत करतं, हे संकोच न करता विचारा. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग तरुणींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली होती, आणि पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही हे कारण त्यासाठी पुढे केलं गेलं होतं. हे आपल्याच जिल्ह्यात घडलं आहे. म्हणून या प्रश्नावर जी संचालिका सरळ, तपशिलात उत्तर देते तिच्यावर माझा विश्वास बसतो.

आणि एक कसोटी मला सगळ्यांत खात्रीची वाटते: ते तुम्हाला काय विचारतात. फी आणि आधार कार्ड एवढंच विचारून जागा देणारे लोक तुमच्या माणसाला ओळखणार कसे?

त्यांनी विचारो न विचारो, एक वही तयार करा. तयारीतला सगळ्यात जास्त वेळ या वहीला द्या. पहिल्या पानावर फोटो, हाक मारायचं नाव, औषधं. औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, जेवणाआधी की नंतर. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉईडचा त्रास बऱ्याच जणांना असतो आणि ती गोळी उपाशीपोटी द्यायची असते. चहाबिस्किटांबरोबर दिली तर उपयोग कमी होतो. फिटची गोळी एक वेळही चुकता कामा नये, हे लाल पेनाने लिहा. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर काय करायचं, डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे दिला असेल तर तो कुठे ठेवलाय, आणि १०८ ला केव्हा फोन करायचा, हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

पुढची पानं मात्र घरच्यांशिवाय कोणीच लिहू शकणार नाही. दुखतं तेव्हा तो काय करतो? माझा भाऊ 'दुखतंय' म्हणत नाही, तो कान ओढतो आणि जेवणाचं ताट सरकवतो. हे माहीत नसलेला माणूस त्याला हट्टी ठरवेल आणि दाढ तशीच ठणकत राहील. चिडचिड वाढली की आधी पोट साफ आहे का ते बघा, असंही लिहा. बद्धकोष्ठता या मंडळींमध्ये फार जास्त असते आणि फार उशिरा लक्षात येते. तुमच्या घरात चालणारे शब्द लिहा: 'भुर्र' म्हणजे बाहेर जायचं, 'गाई' म्हणजे झोप, की आणखी काही. शू लागली की तो कसा उठतो, कोणत्या आवाजाला घाबरतो, कोणत्या गाण्याने शांत होतो, भातावर दही चालतं पण ताक नाही, हे सगळं. स्वतः काय काय करू शकतो तेही ठळक लिहा, नाहीतर बटणं लावता येणाऱ्या माणसाची बटणं मावशी लावत बसतात.

बॅगेचं फार नको. नाव घातलेले कपडे, रोजची चादर, मूळ पट्टीतल्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, चष्मा, त्याची आवडती वस्तू. सोन्याची साखळी घरीच ठेवा.

पहिला मुक्काम एकदम आठवड्याचा नको. आधी एक दुपार, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार. गणपतीत सुरुवात करू नका. ढोलताशांचा आवाज, बंद रस्ते, आणि विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. रात्री तुम्हाला तिथे पोचायचं झालं तर पेठांमधून निघणंही अवघड. दिवाळीतही नको, निम्मा स्टाफ गावी असतो. जायच्या आधी त्या घराचे, खोलीचे, तिथल्या ताईंचे फोटो त्याला रोज दाखवा आणि कालनिर्णयवर परतीच्या तारखेला गोल करा. त्याला सांगून निघा. नजर चुकवून सटकलात तर पुढच्या वेळी तो दारातच बसेल.

परत आणताना रोजच्या नोंदी मागा: काय खाल्लं, किती झोपला, औषधं कोणी दिली, संडास झाली का. घरी पहिल्या आंघोळीत सगळं अंग पाहा, वजन करा. नवीन व्रण दिसला तर फोटो काढा आणि त्याच दिवशी लेखी खुलासा मागा. एखाद्या ठरावीक माणसाची भीती, कपडे काढू न देणं, अंथरूण ओलं होणं असं काही नव्याने दिसलं तर थांबू नका. डॉक्टरांकडे आणि पोलिसांकडे जा. दिव्यांग व्यक्तीवरच्या अत्याचाराला २०१६ च्या कायद्यात सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारकच आहे, संस्थेलाही आणि तुम्हालाही.

सगळं ठीक असेल तर मावशींना, दादांना नावाने फोन करून सांगा, आणि पुढच्या मुक्कामाची तारीख लगेच ठरवून टाका.