रात्री चेहरा ओळखू यावा म्हणून कॅमेऱ्याची जागा बदलली

अंगणातून सायकल चोरीला गेली, त्या रात्रीच्या चित्रणात माणूस दिसत होता, पण १२ फुटांवर पत्र्याखाली बसवलेल्या रुंद दृश्य टिपणाऱ्या २.८ मिलिमीटर लेन्सच्या कॅमेऱ्याने त्याच्या टोपीखेरीज काही टिपले नव्हते आणि शेजारच्या पांढऱ्या भिंतीवरून परतणाऱ्या, कॅमेऱ्याच्याच इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाने उरलेले चित्रही धुरकट केले होते. अनोळखी माणसाची ओळख पटण्यासाठी तो उभा असेल त्या अंतरावर दृश्याच्या रुंदीच्या दर मीटरला सुमारे २५० पिक्सेल (चित्राचे ठिपके) लागतात, हे मला तेव्हा समजले. म्हणून अरुंद भाग मोठा दाखवणाऱ्या ६ मिलिमीटर लेन्सचा दुसरा कॅमेरा फाटकासमोर, भिंतीपासून दूर खांबावर, साडेसहा फूट उंचीवर लावला. चालत्या माणसाचा चेहरा पुसट होऊ नये यासाठी शटर (प्रत्येक चित्रासाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ) १/१०० सेकंदावर स्थिर केले आणि इतक्या कमी वेळात पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून फाटकावर रात्रभर दिवा ठेवला. माझ्या मते हा दिवाच सर्वांत महत्त्वाचा आहे.