स्वस्त बर्बनच्या बाटलीवरचे वय कसे वाचावे

अमेरिकेतल्या दारूच्या दुकानात ज्या फळीवर बर्बनच्या, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनवून ओकच्या पिंपात मुरवलेल्या अमेरिकी व्हिस्कीच्या, पंधरा ते तीस डॉलरच्या बाटल्या मांडलेल्या असतात, तिथे गेल्या वीसेक वर्षांत एक बदल सावकाश होत गेला. 'सहा वर्षे', 'आठ वर्षे', 'बारा वर्षे' असे स्पष्ट छापलेले वय एकेका ब्रँडवरून नाहीसे झाले आणि उरलेली जागा जुनाट वळणाच्या अक्षरांनी, सह्यांनी व 'स्मॉल बॅच'सारख्या भारदस्त शब्दांनी भरून निघाली. महाग बाटली घेणारा बहुधा चौकशी करूनच घेतो. स्वस्त बाटली घेणाऱ्याला मात्र लेबलाखेरीज दुसरा आधार नसतो, म्हणून त्याने लेबल नेमके कसे वाचावे हे सांगणे मला गरजेचे वाटते.

आधी वय का गेले ते पाहू. अमेरिकी नियमांनुसार बाटलीवर छापलेले वय हे तिच्यातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे असते. 'आठ वर्षे' असे छापले की साडेसात वर्षांचे एक पिंपसुद्धा त्या मिश्रणात घालता येत नाही. एकविसाव्या शतकात बर्बनची मागणी झपाट्याने वाढली, पण आज लागणारी आठ वर्षांची व्हिस्की आठ वर्षांपूर्वी पिंपात भरलेली असावी लागते, आणि दरम्यान दरवर्षी पिंपातला काही टक्के भाग उडून जातो. माल कमी पडू लागल्यावर कंपन्यांपुढे किंमत वाढवणे, पुरवठा आखडता घेणे किंवा वयाचा आकडा काढून कोवळी व्हिस्की मिसळण्याची मुभा घेणे हे मार्ग होते, आणि बऱ्याच जणांनी तिसरा निवडला. तो निवडण्याला माझी हरकत नाही. आकडा काढायचा होता तर तो उघडपणे काढायला हवा होता, एवढेच माझे म्हणणे आहे.

कारण काही ठिकाणी तो तसा निघाला नाही. केंटकी राज्यातल्या बार्ड्सटाउन येथे तयार होणारी 'व्हेरी ओल्ड बार्टन' ही स्वस्त बर्बन सहा वर्षे मुरवलेली म्हणून ओळखली जात असे. 2010 नंतरच्या दशकात तिच्या लेबलावरून वर्षांचा उल्लेख गेला, पण 6 हा आकडा मात्र काही काळ जागच्या जागी राहिला. 'ओल्ड चार्टर'च्या 8 या आकड्याचेही तसेच झाले. वर्षानुवर्षे तीच बाटली घेणाऱ्या माणसाची नजर आकड्यावर पडते आणि पुढे सरकते. खालचा एक शब्द गळाला आहे हे त्याच्या लक्षात येण्याचे कारणच नसते. म्हणून पहिली सवय अशी लावून घ्यावी की आकडा दिसला की त्याला लागून 'इयर्स', 'इयर्स ओल्ड' किंवा 'एज्ड' यांपैकी काही आहे का ते पाहावे. नसेल तर तो आकडा वय नव्हे. तो ब्रँडच्या नावाचा भाग आहे असे समजावे आणि त्यापोटी एक सेंटही जास्त मोजू नये.

'एलायजा क्रेग स्मॉल बॅच'वरचा 12 हा आकडा आधी समोरून मागच्या लेबलावर गेला आणि 2016 च्या सुरुवातीला पूर्णच काढला गेला. मात्र आता आठ ते बारा वर्षांच्या पिंपांचे मिश्रण वापरले जाईल, असे कंपनीने सांगितले होते. ही रीत त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणावी लागेल. तरीही असे सांगणे लेबलावर छापलेले नसल्यामुळे ते बंधनकारक राहत नाही, ही गोष्ट ग्राहकाने लक्षात ठेवावी.

लेबलावरचे कोणते शब्द खरे मानावेत

बाटली हातात घेतल्यावर ब्रँडचे मोठे नाव सोडून द्यावे आणि त्याखालचा प्रकार वाचावा, कारण कायद्याने अर्थ ठरवलेला मजकूर तिथे असतो. 'बर्बन' म्हणण्यासाठी ती अमेरिकेत बनलेली असावी लागते, धान्यात किमान 51 टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळून काढलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवावी लागते. 'स्ट्रेट बर्बन' असेल तर ती किमान दोन वर्षे मुरलेली असते आणि तिच्यात बाहेरून रंग किंवा स्वाद घातलेला नसतो. वय चार वर्षांपेक्षा कमी असेल तर ते छापणे सक्तीचे आहे. त्यामुळे 'स्ट्रेट बर्बन' असे लिहिले आहे आणि वय कुठेच नाही, अशा बाटलीतली व्हिस्की किमान चार वर्षांची असली पाहिजे. त्याहून जास्त काही गृहीत धरू नये. मात्र 'वय कुठेच नाही' असा निष्कर्ष काढण्यापूर्वी मागचे लेबल उजेडात धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, कारण दोन-तीन वर्षांचे वय महिन्यांत, अगदी बारीक टायपात, आरोग्यविषयक इशाऱ्याच्या शेजारी दिलेले असू शकते. 'चोवीस महिने' हे ऐकायला भरपूर वाटतात. ती दोनच वर्षे असतात.

'ब्लेंडेड बर्बन' या शब्दांपाशी थांबावे, कारण त्यात स्ट्रेट बर्बन निम्म्याहून थोडीच जास्त असू शकते आणि बाकीचा भाग पिंपात न मुरवलेल्या साध्या अल्कोहोलचाही असू शकतो. याउलट 'अ ब्लेंड ऑफ स्ट्रेट बर्बन्स' म्हणजे अनेक स्ट्रेट बर्बनांचे मिश्रण, आणि त्यात तसे अल्कोहोल नसते. 'व्हिस्की डिस्टिल्ड फ्रॉम बर्बन मॅश' म्हणजे बर्बनसारख्या धान्यातून काढलेली पण वापरलेल्या पिंपात ठेवलेली, म्हणून बर्बन नव्हे. 'अर्ली टाइम्स' ही एके काळची गाजलेली बर्बन पुढे काही प्रमाणात जुन्या पिंपांत मुरवली जाऊ लागली आणि त्यामुळे अमेरिकेत तिच्यावर 'केंटकी व्हिस्की' एवढेच छापावे लागले. फळीवर मात्र ती बर्बनच्याच रांगेत असायची.

'स्मॉल बॅच', 'हँडक्राफ्टेड', 'रिझर्व्ह', 'ओल्ड', 'व्हेरी ओल्ड' या शब्दांना कायद्यात ठरलेले माप नाही. ते वाचू नयेत, असेच मी सुचवेन.

कुठे बनली, कोणी बनवली

आपल्याकडे परराज्यातला आंबा 'देवगड हापूस' लिहिलेल्या पेटीतून विकला जातो, त्याच जातीचा घोळ इथे गावांच्या नावांवरून होतो. 'बॉटल्ड बाय' किंवा 'प्रोड्यूस्ड बाय' यांच्यापुढे आलेले गाव व्हिस्की तिथे बनल्याचे सांगत नाही. त्यासाठी 'डिस्टिल्ड बाय' किंवा 'डिस्टिल्ड इन' शोधावे. व्हिस्की दुसऱ्या राज्यात बनली असेल तर त्या राज्याचे नाव लेबलावर देणे नियमाने आवश्यक आहे, आणि असंख्य छोट्या ब्रँडांच्या बाबतीत ते राज्य इंडियाना निघते, कारण तिथल्या लॉरेन्सबर्ग गावातली एमजीपी ही मोठी डिस्टिलरी इतरांना ठोक माल पुरवते. तिचा माल चांगला असतो, त्यामुळे यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो लपवण्यात. आयोवा राज्याचा वारसा सांगणाऱ्या 'टेम्पलटन राय'ची व्हिस्की इंडियानातून येत होती, त्यावरून दावे झाले आणि 2015 मध्ये तडजोडीत ग्राहकांना परतावा देण्याचे ठरले. ती राय नावाच्या धान्याची व्हिस्की होती, बर्बन नव्हे, पण धडा तोच आहे. आणखी एक खबरदारी घ्यावी: लॉरेन्सबर्ग नावाचे गाव केंटकीतही आहे, 'वाइल्ड टर्की' आणि 'फोर रोझेस' तिथल्याच, म्हणून गावापुढचे राज्यही वाचावे.

कमी पैशांत खात्री हवी असेल तर

स्वस्त फळीवर माझा सर्वाधिक विश्वास 'बॉटल्ड इन बॉन्ड' या तीन शब्दांवर आहे. व्हिस्कीत रंग आणि अर्क मिसळून ती जुनी म्हणून खपवण्याला आळा बसावा म्हणून 1897 मध्ये अमेरिकेत कायदा झाला. हे शब्द छापायचे तर व्हिस्की एकाच डिस्टिलरीतली, एकाच हंगामातली, किमान चार वर्षे सरकारी देखरेखीखालच्या गोदामात मुरलेली आणि नेमकी 50 टक्के तीव्रतेची, म्हणजे 100 प्रूफ, असावी लागते. ती कोणत्या डिस्टिलरीत बनली हेही लेबलावर सांगावे लागते, बहुधा परवाना क्रमांकाने: 'डीएसपी-केवाय-1' म्हणजे हेवन हिल कंपनीची लुइव्हिलमधली बर्नहाइम डिस्टिलरी, 'डीएसपी-केवाय-113' म्हणजे बफेलो ट्रेस. 'इव्हान विल्यम्स'ची पांढऱ्या लेबलाची बाटली या वर्गातली आहे आणि ती महाग नाही.

तीव्रतेचा हिशेबही इथेच करावा. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 40 टक्क्यांना 300 मिलिलिटर अल्कोहोल असते, 50 टक्क्यांना 375. दुसरी बाटली तीन डॉलरने महाग दिसली तरी पहिलीत तुम्ही पाण्याचे पैसे जास्त देत असता. लेबलावरच्या वयासारखीच तीव्रताही कधी कधी गुपचूप घटवली जाते, म्हणून नेहमीच्या बाटलीवरचा टक्क्यांचा आकडा अधूनमधून पाहत जावे. 'मेकर्स मार्क'ने फेब्रुवारी 2013 मध्ये 45 वरून 42 टक्क्यांवर येण्याचे जाहीर केले, तेव्हा ग्राहक इतके संतापले की कंपनीने काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. 'नॉब क्रीक'वरून 2016 मध्ये गेलेली नऊ वर्षेही 2020 मध्ये लेबलावर परतली. केंटकीच्या गोदामांत आता एक कोटीहून अधिक पिंपे मुरत पडली आहेत, त्यामुळे पूर्वीसारखी टंचाईची सबब सांगणे कठीण झाले आहे आणि ग्राहकाने वय मागण्याची हीच वेळ आहे.

भारताने फेब्रुवारी 2025 मध्ये बर्बनवरचे आयात शुल्क 150 वरून 100 टक्क्यांवर आणले, शिवाय परदेशातून येणारे आप्त शुल्कमुक्त दोन लिटरच्या मर्यादेत बाटल्या आणतातच. तेव्हा ही तपासणी पुण्या-मुंबईतही उपयोगी पडते. इथल्या बाटलीवर आयातदाराची चिठ्ठी असते आणि तिच्याखाली मूळ मजकूर झाकला गेला असेल, तर अमेरिकेत मंजूर झालेली लेबले त्या सरकारच्या 'पब्लिक कोला रजिस्ट्री'मध्ये कोणालाही विनामूल्य पाहता येतात. ब्रँडचे नाव टाकून जुनी आणि नवी लेबले मंजुरीच्या तारखांसह शेजारी उघडावीत, म्हणजे वय कोणत्या वर्षी गेले आणि आकडा एकटा मागे राहिला का, हे दिसते. निर्यातीची लेबले वेगळी असू शकतात, म्हणून अखेरचा निर्णय हातातल्या बाटलीवर जे छापले आहे त्यावरूनच घ्यावा.