सीटची रेल: ग्रीस सगळ्यात शेवटी

आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकलची दोन वर्षं काढून मुलगा गॅरेजात येतो, तेव्हा त्याला इंजिन उघडायचं असतं. मलाही तेच हवं होतं. स्वतंत्रपणे हातात आलेलं पहिलं काम मात्र सीटचं होतं, आणि आज नव्या मुलांना मी सुरुवात तिथूनच करायला सांगतो.

२०२१ च्या २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. पुढचे कित्येक महिने आमच्याकडे बुडालेल्या गाड्या येत होत्या. त्यातली एक जुनी मारुती ८०० मिस्त्रींनी माझ्या हवाली केली. इंजिन चालू झालेलं, पण ड्रायव्हरची सीट पार मागे जाऊन अडकलेली. गाडी चालवणाऱ्या काकू ठेंगण्या, क्लच पूर्ण दाबायला पाय पोचेना.

मी गंज सोडवायचा स्प्रे भरपूर मारला, सीट हलली, गाडी दिली. चार दिवसांत ती परत आली, आधीपेक्षा घट्ट होऊन. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो. सीट ज्या लोखंडी पट्ट्यांवर पुढेमागे सरकते ती रेल. स्प्रेने गाळ पातळ होऊन तिच्या आणखी आत गेला आणि तिथे सुकला. मिस्त्री रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सीट बाहेर काढल्याशिवाय रेल दिसत नाही."

सीट काढायची तर चार बोल्ट. सीट मागे असली की पुढचे दोन मोकळे, पुढे घेतली की मागचे दोन. आमची मागेच अडकलेली, म्हणजे मागचे बोल्ट झाकलेले. इथे नवखा माणूस पहार घालतो आणि रेल वाकवतो. आम्ही दोन्ही रेलमध्ये रॉकेल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी एकाने लॉकचा दांडा वर धरला, दुसऱ्याने लाकडाचा ठोकळा लावून एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूला हलके ठोके दिले. एकाच बाजूला ठोकत राहिलात तर सीट तिरकी होते आणि जास्तच आवळते.

बोल्टला बारा नंबरची गोटी, म्हणजे सॉकेट पाना, लागली. जोर लावण्याआधी गाडीखाली जाऊन बघा. पुष्कळ जुन्या गाड्यांत बोल्टचं टोक पत्र्यातून खाली आलेलं असतं आणि गंजलेला आटा तिथेच असतो. तो तारेच्या ब्रशने घासून, तेल सोडून मग वरून फिरवा. नट पत्र्याला वेल्ड केलेला असतो. तो निखळला तर काम तिप्पट होतं. या गाडीत एअरबॅग नव्हती. नव्या गाडीत सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, काही मिनिटं थांबा, आणि सोबत जाणता माणूस असेल तरच हात लावा.

सीट उलटी करून जुन्या चादरीवर ठेवा. कुठल्या गाडीच्या रेलमध्ये छर्रे असतात, कुठे रोलर, कुठे नुसते प्लॅस्टिकचे गुटके. वरची पट्टी खालच्या पट्टीतून ओढताना ते टपाटप पडतात, चादर त्यासाठीच. ओढण्याआधी फोटो काढा, डावी-उजवी खडूने लिहा. टोकं दाबून बंद केलेली असली तर ती उघडू नका. वाकवलेला पत्रा सरळ करताना तुटतो. तशी रेल रॉकेलमध्ये बुडवून, पुढेमागे सरकवत, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा. त्या दिवशी आमच्या रेलमधून गाळ निघाला, एक रुपयाचं नाणं निघालं, आणि दगडासारखं झालेलं जुनं ग्रीस. ते खरवडायलाच अर्धा दिवस गेला. काम म्हणतात ते हेच. पॉलिश पेपर फिरवून, फडक्याने पुसून, बोटाला खरखर लागेनाशी झाली की मग ग्रीसचा डबा उघडायचा.

पांढरं लिथियम ग्रीस, तेही पातळ थर. थापून भरलं तर धूळ पकडतं आणि वर्षभरात तुम्ही पुन्हा तिथेच. इंजिन ऑइल ओघळून कार्पेटवर येतं. लॉकच्या दात्यांना आणि खाचांना मी ग्रीस लावत नाही, फक्त त्याच्या पिनवर एक थेंब तेल. तो दाता खाचेत पूर्ण बसणं हा जिवाचा प्रश्न आहे. जोराचा ब्रेक लागला आणि सीट सरकली तर चालवणाऱ्याचा गाडीवरचा ताबा सुटतो.

बसवताना मी पुन्हा अडकलो. रेल चकचकीत, तरी सीट जड. डावं लॉक एक खाच पुढे बसलं होतं, उजवं मागे. दोन्ही रेल समांतर नसतील तर कितीही ग्रीस लावा, फरक पडत नाही. दोन्हीकडच्या खाचा मोजून सारख्या केल्या, चारही बोल्ट आधी हातानेच फिरवले, सीट दोनदा टोकापासून टोकापर्यंत नेली आणि मगच आवळले. दोन्ही लॉक जोडणारी मधली तारही तपासा. ती सैल असली तर एका बाजूचं लॉक नीट उघडतच नाही.

गाडी देताना काकूंना सीटवर बसवलं, पुढे सरकवायला लावलं आणि दोन्ही बाजूंनी टक् आवाज येतो का ते ऐकायला सांगितलं. दांडा सोडून त्यांनी अंग पुढेमागे झोकून पाहिलं. सीट जागची हलली नाही. मग त्यांनी क्लच तळापर्यंत दाबला.