भात सोडला आणि पाळी गेली: सावरताना या चुका टाळा

लग्न ठरलं तेव्हा मी भात सोडला, नारळ सोडला, मग रात्रीचं जेवणही सोडलं. वेंगुर्ल्याच्या घरात राहून हे तिन्ही सोडणं सोपं नव्हतं, पण जमवलं. वजन उतरलं, कौतुक झालं आणि पाळी यायची थांबली. मे महिन्यात, घामाने कपडे अंगाला चिकटत असताना, मला पंख्याखाली गोधडी लागायची. न्हाणीघराच्या जाळीवर साचलेला केसांचा गुंता आईच्या नजरेला पडू नये म्हणून मी तिच्या आधी जाऊन उचलायचे.

यातून बाहेर यायला दीड वर्ष लागलं. त्यातला बराच काळ ज्या चुकांत गेला, त्या इथे लिहिते आहे.

गोळीने पाळी आली म्हणजे बरं वाटलं, असं समजू नका

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. पाळी यावी म्हणून मी हार्मोनच्या गोळ्या घेत होते. खाणं फार कमी पडलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस बीजकोशांकडे जाणारे संकेत मंद करतो. अंडं तयार होत नाही, इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन उतरतं. गोळ्यांमधल्या हार्मोन्सचा परिणाम गर्भाशयाच्या अस्तरावर होतो आणि गोळ्या थांबल्या की रक्तस्राव होतो, पण मेंदूचा थांबलेला संकेत तसाच थांबलेला राहतो. मी चार महिने कॅलेंडरवर खुणा करत खूश होते आणि ताटात मात्र काहीच बदललं नव्हतं. इकडे इस्ट्रोजेन कमी असताना हाडांची झीज सुरूच असते. अशा कारणाने पाळी गेली असेल तर केवळ पाळी आणायला किंवा हाडं सुधारायला गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत, असं अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये सुचवलं आहे. तरी चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

आणि बोलताना डाएटचं सांगा. विचारलं नाही तरी सांगा. कारण अशा वेळी सोनोग्राफीत बीजकोश पीसीओएससारखे (त्यात बीजकोशांत बऱ्याच छोट्या गाठी दिसतात) दिसू शकतात, आणि मग कमी खाऊन आजारी पडलेल्या मुलीच्या हातात आणखी वजन उतरवण्याचा सल्ला पडतो. नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही तर थांबू नका. आधी गरोदरपणाची तपासणी, मग रक्तातली हार्मोन्स: थायरॉईड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्रोजेन. हेही लक्षात असू द्या की पाळी परत येण्याआधी अंडं सुटतं. म्हणजे पाळी नसतानाही दिवस राहू शकतात.

अटी घालून जेवू नका

मी पुन्हा जेवायला लागले, पण भात एकच डाव, सोलकढी नारळाच्या दुधाशिवाय, आणि सात वाजल्यानंतर काही नाही. ताट थोडं मोठं झालं, डाएट तसंच राहिलं. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे निम्म्या अन्नावर ठेवलं होतं. त्यांना थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, दिवसभर डोक्यात जेवणच असायचं, आणि पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येकांची भूक महिनोन्‌महिने शमली नाही. हे वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं. माझी ती न भागणारी भूक म्हणजे हावरटपणा नव्हता.

पेजेचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. बरेच दिवस कमी खाल्लं की पोट हळू रिकामं होतं, चार घासांत गच्च वाटतं. मी पातळ पेज प्यायचे, पोट पाण्याने भरायचं आणि अंगाला काही लागायचं नाही. मग आजीने पेज दाट करायला घेतली. उकड्या तांदळाची, शिजलेला दाणा मऊ, वर चमचाभर तूप आणि सोबत खोबऱ्याची कातळी. सकाळी दहाला एक वाटी, दुपारी भात-बांगडा, चारला घावणे. एका वेळी थोडंच, पण वेळ चुकवायची नाही. तूप-नारळाचा फायदा असा की थोडक्यात जास्त ताकद मिळते. कॅलरीचे आकडे मी देत नाही, कारण मोजायची सवयच सुटायला हवी.

पण ज्यांनी दहा-बारा दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नाही किंवा ज्यांचं वजन फार झपाट्याने उतरलं आहे, त्यांना मायेपोटी एकदम भरलं ताट वाढू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम कोसळून हृदयावर बेतू शकतं. त्यांचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू व्हावं.

उपवासाचा आडोसा घेऊ नका

संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार, श्रावणी सोमवार. त्या वर्षी मी एकही सोडला नाही, आणि ते देवासाठी नव्हते हे मला ठाऊक होतं. कोणी अडवतही नाही, उलट वाखाणतात. आजीच्या ते ध्यानात आलं. म्हणाली, "तुझो उपास मी करतंय, तू जेव गो." श्रावणात घरात मासे बंद असतील तर कुळथाची पिठी, चवळीची उसळ, दूध-दही यांना मुद्दाम जागा द्या.

वजनकाटा लपवून ठेवा

पुन्हा जेवायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत घोटे आणि चेहरा सुजू शकतो, काटा झरझर वर जातो. यात मोठा भाग पाण्याचा असतो. मी घाबरून पुन्हा खाणं कमी केलं आणि दोन महिने मागे गेले. सुजेबरोबर धाप लागली किंवा छातीत धडधडलं तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

पहाटे शिरोड्याच्या वाळूत तास-दीड तास भरभर चालणंही मला थांबवावं लागलं. ते भातापेक्षा कठीण गेलं.

केसांसाठी तेलं बदलू नका. उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, त्यामुळे नीट जेवत असतानाही काही काळ गळत राहतात. हिमोग्लोबिन तपासा, 12 च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारून लोहाचं औषध घ्या आणि जेवणाला लागून चहा नको, त्याने लोह अंगी कमी लागतं.

घरच्यांनी "सुटलीस गो" म्हणू नये, "आता छान भरलीस" असंही म्हणू नये. कौतुकाचे ते शब्द ऐकून मी रात्री जेवले नव्हते. खाल्लेलं ओकून टाकावंसं वाटत असेल, जुलाबाच्या गोळ्या घेतल्या जात असतील, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.