स्की पर्यटनाचा कार्बन मोजताय? या चुका टाळा

रात्री उतारावर बर्फ दाबत फिरणारं ग्रूमर मशीन तासाला साधारण २५ लिटर डिझेल पितं. आठ तासांची पाळी धरली तर २०० लिटर, म्हणजे लिटरमागे २.६८ किलो या दराने एका रात्रीत सुमारे ५३५ किलो कार्बन डायऑक्साइड. आकडा ऐकून दडपायला होतं. आता पायथ्याच्या पार्किंगमध्ये या. ५०० किलोमीटरवरून एकटाच गाडी हाकत आलेला माणूस जाऊन-येऊन १००० किलोमीटर करतो. किलोमीटरला १७० ग्रॅम धरले तरी त्याचे १७० किलो होतात. असे तीन जण आले की मशीनच्या अख्ख्या रात्रीची जवळपास बरोबरी झाली. आणि पार्किंगमध्ये गाड्या तीनच नसतात.

या हिशेबातल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. डोळ्यांसमोर जे घरघरतं ते मोजलं जातं, जे रस्त्याने आणि आकाशातून येतं ते सुटतं.

हिशेब तिकीट खिडकीशी थांबवणे

उत्सर्जन मोजण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत म्हणजे ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल. तिच्यात तीन कप्पे आहेत. स्कोप १ म्हणजे स्वतः जाळलेलं इंधन, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज आणि स्कोप ३ म्हणजे बाकी सगळं. रिसॉर्टचे अहवाल पहिल्या दोन कप्प्यांत रमतात, कारण त्यांची बिलं ऑफिसातच असतात. पण फ्रान्समधल्या स्की केंद्रांच्या हिशेबांत निम्म्याहून अधिक उत्सर्जन पाहुण्यांच्या ये-जा करण्यातून आणि त्यानंतरचा मोठा वाटा राहण्याच्या इमारतींतून निघाला आहे. माणसांना उतारावर वर नेणाऱ्या लिफ्ट आणि ग्रूमिंग मिळून जेमतेम दोन-चार टक्के. म्हणून ‘आमचं उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटलं’ असं वाचलं की मी आधी विचारतो, कशाच्या ३० टक्क्यांनी?

प्रवास मोजायला घेतला तरी दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. पहिलं, अंतर विमानतळापासून धरणं. पाहुणा जिनिव्हाला उतरून बसने वर आला की बसचे दीडशे-दोनशे किलोमीटर नोंदले जातात, त्याआधीचं विमान गायब. अंतर घराच्या दारापासून धरा. दुसरं, गाडीत किती माणसं होती हे न विचारणं. चौघं एका गाडीतून आले तर वरचे १७० किलो माणशी साडेबेचाळीसवर येतात. स्की पासच्या (लिफ्ट वापरायच्या तिकिटाच्या) ऑनलाइन अर्जात तीन प्रश्न पुरतात: कुठून निघालात, कशाने आलात, सोबत किती जण. हे फक्त शनिवार-रविवारी खिडकीवर विचारलंत तर उत्तरं दिवसभरासाठी येणाऱ्यांची मिळतील आणि आठवडाभर राहणारे, दुरून उडून येणारे निसटतील.

विमानाच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. उंचावर सोडलेली वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचाही तापमानवाढीला हातभार लागतो. ब्रिटन सरकारच्या उत्सर्जन गुणांकांत त्यासाठी विमानाच्या कार्बन डायऑक्साइडला १.७ ने गुणण्याची सोय आहे. हा गुणक धरा किंवा सोडा, पण जे कराल ते लिहून ठेवा. एका वर्षी धरला आणि पुढच्या वर्षी सोडला तर काहीही न करता ‘घट’ दिसते.

‘दर स्की-दिवसामागे’ या आकड्यावर विसंबणे

एका माणसाने एक दिवस स्की केलं की एक स्की-दिवस. त्यामागचा हा आकडा दिसायला सोज्वळ आणि वागायला लबाड. समजा, गेल्या हंगामात १ लाख स्की-दिवस झाले आणि दिवसाला ४० किलो पडले: एकूण ४,००० टन. यंदा बर्फ छान पडलं, दीड लाख स्की-दिवस झाले, दिवसाला ३२ किलो: एकूण ४,८०० टन. पत्रकात २० टक्के घट, हवेत २० टक्के वाढ. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा, म्हणजे वाद मिटला.

या आकड्यातून शिकण्यासारखं मात्र खूप आहे. येण्या-जाण्याचा कार्बन एकदाच खर्च होतो, माणूस दोन दिवस राहो की आठ. समजा, एका पाहुण्याच्या प्रवासाचे ४०० किलो झाले. दोन दिवस राहिला तर दिवसाला २००, आठ दिवस राहिला तर ५०. म्हणून तीन धावत्या वीकेंडऐवजी एक सलग आठवडा घडवून आणणारी पासची किंमत नव्या इलेक्ट्रिक ग्रूमरपेक्षा जास्त काम करते. अट एकच: बाकीच्या फेऱ्या खरोखर रद्द व्हायला हव्यात.

पाहुण्यांना रेल्वेकडे वळवतानाही एक अट असते: वाट सोयीची हवी. फ्रान्समधल्या बूर्ग-सें-मोरीस स्टेशनजवळून लेझ-आर्क या स्की केंद्राला जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे, सात मिनिटांत वर पोचवते. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटमध्ये खाजगी गाड्यांना बंदी आहे, त्या अलीकडच्या ट्येश गावात ठेवून पुढे रेल्वेने जावं लागतं. तरीही कुठल्याही रिसॉर्टच्या वेबसाइटवर ‘कसे याल’ या पानावर आधी पार्किंगचा नकाशा असेल, तर पाहुणा गाडीच काढणार. बूट, स्की आणि पोरं घेऊन शेवटचे वीस किलोमीटर कसे जायचे, याचं उत्तर तिकिटासोबत मिळत नसेल तर रेल्वेवरची सवलत वाया जाते. फ्रेंच आल्प्समध्ये शनिवार ते शनिवार खोल्या देण्याचा रिवाज आहे, म्हणून सगळे एकाच दिवशी रस्त्यावर येतात. मुक्काम रविवारी किंवा मधल्या वारी सुरू करू दिला तर रेल्वेत जागा मिळायची शक्यता वाढते.

वीज बदलली, आता सुटलो

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या व्हिस्लर ब्लॅककॉम्ब रिसॉर्टमधला फिट्झसिमन्स क्रीक या ओढ्यावरचा छोटा जलविद्युत प्रकल्प २०१० पासून रिसॉर्टच्या वार्षिक वापराइतकी वीज तयार करतो. काम उत्तमच. पण ब्रिटिश कोलंबियाची वीज तशीही बहुतांश जलविद्युतच आहे, त्यामुळे वाचलेला कार्बन बेताचाच, आणि पाहुणे विमानाने यायचे ते येतातच. तीच गुंतवणूक कोळशावर चालणाऱ्या ग्रिडवर केली तर फरक कितीतरी मोठा पडतो. स्कोप २ चा आकडा ग्रिडच्या सरासरीनुसार आणि खरेदी करारानुसार, असा दोन्ही पद्धतींनी द्यायचा असतो. एकच दिलेला दिसला तर दुसरा मागा.

वनस्पतीजन्य डिझेल, म्हणजे एचव्हीओ, वापरून स्कोप १ शून्य दाखवणारेही आहेत. ते स्वयंपाकात वापरून टाकून दिलेल्या तेलापासून बनलं असेल तर पूर्ण साखळीत मोठी बचत होते, पण शून्य होत नाही.

कृत्रिम बर्फ: सरसकट खलनायक किंवा सरसकट तारणहार

२०२३ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये युरोपातल्या २,२३४ स्की केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २ अंश तापमानवाढीत, कृत्रिम बर्फ नसेल तर ५३ टक्के केंद्रांना बर्फटंचाईचा फार मोठा धोका आहे. निम्म्या उतारावर कृत्रिम बर्फ केलं तर तो २७ टक्क्यांवर येतो. म्हणजे स्नो गन, अर्थात पाणी फवारून बर्फ करणारी यंत्रं, चालणारच. चूक होते ती वेळेत. हवा जेमतेम गोठणबिंदूखाली असताना स्नो गन चालवली की तेवढ्याच बर्फाला जास्त वीज लागते. कोरड्या, कडक थंडीच्या रात्री गाठा. ग्रूमरवर जीपीएसने बर्फाची जाडी मोजणारी यंत्रणा असेल तर गरजेपेक्षा अर्धा मीटर जास्त बर्फ करण्याची सवयही सुटते.

गळती विसरणे

इनडोअर स्की हॉल, बर्फाचं रिंक, हॉटेलची शीतगृहं. यांच्या जुन्या यंत्रांत थंडावा देणारा आर-४०४ए हा वायू असेल तर त्याचा तापमानवाढीचा गुणांक ३,९२२ आहे, म्हणजे एक किलो वायू ३,९२२ किलो कार्बन डायऑक्साइडइतका. १० किलो गळले की ३९ टन. तेवढ्यासाठी साडेचौदा हजार लिटर डिझेल जाळावं लागेल. मेकॅनिकने वर्षभरात किती वायू भरला याची पावती मागा. जितका भरला तितका गळला असं समजा.

चुकीचं आधारवर्ष

आकडे सगळे बरोबर, तरी दर वर्षी वाढच दिसतेय? सुरुवातीचं वर्ष तपासा. २०२०-२१ च्या हिवाळ्यात कोविडमुळे फ्रान्समधल्या लिफ्ट सर्वसामान्य पाहुण्यांसाठी बंदच राहिल्या. ते वर्ष पाया धरलं तर पुढचं प्रत्येक वर्ष गुन्हेगार ठरतं, आणि उलट एखादं विक्रमी गर्दीचं वर्ष धरलं तर काहीच न करता शाबासकी मिळते. तीन साध्या हंगामांची सरासरी घ्या. मधेच एखादं हॉटेल विकत घेतलं किंवा विकलं, तर पायाचा आकडाही नव्याने काढा.