महाभारतातला कर्ण मुळातून कसा अभ्यासावा

कोल्हापुरात कर्णाबद्दल बोलणारा माणूस शोधावा लागत नाही. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत इथेच शिक्षक होते आणि १९६७च्या त्या कादंबरीने कर्ण घराघरांत नेला. अभ्यासाला बसताना मात्र तो कर्ण बाजूला ठेवावा लागतो. कादंबरी आपल्या जागी थोरच आहे, पण व्यासांचा कर्ण काय बोलतो हे व्यासांकडेच पाहायला हवं.

आधी प्रश्न छोटा करा. ‘कर्ण कसा होता?’ याचं उत्तर कधीच संपत नाही. ‘कर्णाला आपल्या वागण्याचा पश्चात्ताप होतो का?’ हा प्रश्न पेलतो.

मग अध्याय आणि श्लोकांचे क्रमांक असलेलं संपूर्ण मराठी भाषांतर मिळवा. करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात ग्रंथपालांना विचारा. संक्षिप्त आवृत्ती नको. तिच्यात संवादांनाच आधी कात्री लागते. पडताळणीसाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेची १९६६ साली पूर्ण झालेली चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून पाहून ठरवलेला पाठ, वापरा. ‘सूतपुत्राला वरणार नाही’ हे द्रौपदीचं वाक्य तिच्या मुख्य संहितेत नाही, तळटीपेत गेलं आहे. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे तर द्रौपदीच्या तोंडी त्या संहितेत कुठेच नाही. अशा ऐकीव वाक्यांवर निष्कर्ष उभा केला की सगळाच अभ्यास ढासळतो.

अठराही पर्वं सलग वाचायची गरज नाही. आदिपर्वातली रंगभूमी (राजपुत्रांचं शस्त्रकौशल्य दाखवण्याचा प्रसंग), सभापर्वातलं द्यूत, वनपर्वातली घोषयात्रा (दुर्योधनाची गोधन पाहायला वनात जाण्याची सहल) आणि कुंडलाहरण (इंद्र कर्णाची कवचकुंडलं मागून नेतो तो प्रसंग), उद्योगपर्वातल्या कृष्ण व कुंतीच्या भेटी, भीष्मपर्वाचा शेवट, कर्णपर्व आणि शांतिपर्वाची सुरुवात एवढं आधी वाचा.

वाचताना वहीत चार रकाने आखा: पर्व-अध्याय, कोण बोलतं, कोणाला, त्याआधी काय घडलं. स्वतःचं मत समोरच्या कोऱ्या पानावर लिहा, रकान्यात नको.

या रकान्यांचा उपयोग लगेच कळतो. द्यूतसभेत कर्ण भर दरबारात द्रौपदीला कुलटा ठरवतो आणि वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगतो. उद्योगपर्वात तोच कर्ण म्हणतो, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना कटू बोललो, त्याचा आज पश्चात्ताप होतो. आता ‘कोणाला’ हा रकाना पाहा: हे तो एकट्या कृष्णाला सांगतो. शिवाय त्या श्लोकात पांडव आहेत, द्रौपदीचं नाव नाही. म्हणजे पश्चात्ताप आहे, पण तो कुठवर पोहोचतो हेही दिसतं.

दोन ठिकाणं एकमेकांशी जुळली नाहीत तर ओढूनताणून जुळवू नका. युद्धाआधी भीष्म कर्णाला अर्धरथी, म्हणजे पुरता रथीही नसलेला योद्धा, म्हणतात, शरशय्येवर मात्र त्याच्या शौर्याची स्तुती करतात. उलगडा तिथेच आहे: तुझं तेज कमी व्हावं म्हणून कठोर बोलत होतो, असं ते स्वतः सांगतात. बोलणाऱ्याचा हेतू न पाहता वाक्य उचललं की भीष्मांचं अर्धं बोलणंच हाती लागतं. शल्याची बोलणी वाचताना तर हे पक्कं ध्यानात ठेवा. कर्णाचा सारथी होण्याआधीच युधिष्ठिराने त्याच्याकडून कर्णाच्या तेजोभंगाचं वचन घेतलेलं असतं.

शेवटी एका पानाचं टिपण लिहा. प्रत्येक विधानापुढे पर्व आणि अध्याय घाला. ज्या विधानाला आधार सापडत नाही ते खोडा, कितीही आवडलेलं असलं तरी.